सपोर्ट की न्यूट्रल? तूर विकून बूट घेण्याआधी दहा मिनिटं ऐका

मूर्तिजापूरवरून बोलतोय. आज थोडं हळू बोलतो, कारण सकाळी पोरांसोबत चार किलोमीटर पळून आलोय आणि श्वास अजून जागेवर आलेला नाही.

परवा रात्री एक व्हॉइस मेसेज आला. आपल्याच तालुक्यातली एक ताई आहे, पोलीस भरतीची तयारी करते. तिचं बोलणं जसंच्या तसं सांगतो.

"दादा, मी ८०० मीटरची तयारी करून राह्यली. माहे पाय सपाट हायेत. दुकानवाला म्हणते, सपोर्टवालाच बूट घ्या लागते, नाहीतर गुडघे जाते. साडेसात हजाराचा हाय. बाबा म्हणते, तूर इकली का घेऊन देतो. तुमी सांगा, घेऊ का नोको?"

मी तो मेसेज दोनदा ऐकला. साडेसात हजार म्हणजे घरातली तूर. ती पेरली, फवारली, रात्री डुकरांपासून राखली, आता कुठं ती बाजार समितीत जाणार, आणि त्यातले साडेसात हजार पोरीच्या पायात. बाप हो म्हणाला ही मोठी गोष्ट आहे. म्हणून उत्तर नीट द्यायला पाहिजे. "घेऊन टाक" म्हणायला माझं काय जाते?

तर आजचा विषय हाच. सपोर्ट शूज आणि न्यूट्रल शूज. फरक काय, कोणाला काय लागते, आणि कमी पैशात डोकं कसं लावायचं.

आधी माझी गोष्ट सांगतो, कारण मी हीच चूक करून बसलोय.

भरतीची जाहिरात निघाली तेव्हा मी रोज तीन किलोमीटर पळत होतो, आठशे रुपयांच्या बुटात. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर, दोन्हीला २० गुण. राहिलेले ३० शंभर मीटर आणि गोळाफेकीचे. १६०० मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत मारलं तर वीसच्या वीस. माझं टायमिंग होतं सहाच्या आसपास. मग काय, अंगात आलं! दहा दिवसांत तीनचे आठ किलोमीटर केले. तेही कुठं, तर हायवेच्या कडेनं.

आपला हायवे तुम्हाला माहीतच आहे, नॅशनल हायवे ५३. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला पट्ट्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि गिनीज बुकात नाव गेलं, तोच रस्ता. गाडीला मख्खन. पायाला मात्र तो दगडच.

दोन आठवड्यांत नडगी दुखायला लागली. आतल्या बाजूनं, खालून वर, ठणका. मित्र म्हणाला, "काऊन बे, बूट पाह्य ना आपले." मलाही पटलं. एका मोठ्या शहरात गेलो, दुकानाचं नाव घेत नाही. तिथं माझा पाय ओला करून कागदावर ठेवायला लावला. ठसा आला भरगच्च, मधली कमान दिसेचना. दुकानदार म्हणाला, "फ्लॅट फूट. ओव्हरप्रोनेशन. सपोर्ट लागेल." सहा हजार आठशे रुपये. आयुष्यात एवढ्या किमतीची वस्तू मी पायात कधी घातली नव्हती.

घरी आलो तेव्हा अंगात ताप होता, आठ दिवस पळालो नाही. नंतर नवीन बूट घालून पळालो, नडगी गप्प. मी गावभर सांगत सुटलो, सपोर्ट म्हणजे सपोर्टच भाऊ! पुढच्या तीन आठवड्यांत उजवा गुडघा बाहेरच्या बाजूनं धरला. मग लंगडत अमरावतीला एका फिजिओथेरपिस्टकडे गेलो. मी पिशवीतून बूट काढून टेबलावर ठेवले. त्यांनी बुटाकडे पाहिलंसुद्धा नाही. विचारलं, "किलोमीटर कधी वाढवले?"

मी गप्प.

मग त्यांनी हिशोब मांडला. नडगी बरी झाली ती तापाच्या आठ दिवसांत, आराम मिळाला म्हणून. श्रेय घेऊन गेला बूट. आणि गुडघा? मी परत आठ किलोमीटर सुरू केले, रोज रस्त्याच्या त्याच कडेनं. रस्ता कडेला उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. म्हणजे रोज हजारो पावलं एक पाय थोडा खाली, एक थोडा वर. त्यात नवीन कडक बूट. एकट्या बुटावर खापर फोडता येत नाही, पण त्यानं वाचवलंही नाही.

चला, आता मूळ मुद्दा. प्रोनेशन म्हणजे काय?

तुम्ही पळता तेव्हा बहुतेकांची टाच आधी बाहेरच्या कडेनं टेकते. मग पाय आतल्या बाजूला थोडा कलंडतो, कमान थोडी खाली बसते, आणि मग चवड्यावरून तुम्ही पुढं ढकलले जाता. हे आत कलंडणं म्हणजे प्रोनेशन. हा आजार नाही. बैलगाडीला धक्का बसला तर आतला माणूस जसा थोडा हलून धक्का पचवतो, तसंच पाय करतो. प्रत्येकाचा पाय हे करतो. कोणाचा जास्त, कोणाचा कमी.

जास्त कलंडला तर त्याला ओव्हरप्रोनेशन म्हणायची पद्धत आहे. आणि ते थांबवायला जे बूट बनले ते सपोर्ट शूज. त्यात आतल्या बाजूला, कमानीच्या खाली, जास्त कडक फोम असतो. दुकानात गेलात की अंगठ्यानं सोल दाबून पाहा. आतली बाजू कडक आणि बाहेरची मऊ लागली तर बूट सपोर्टचा. नवीन मॉडेलांत कडक फोमच्या जागी टाचेच्या दोन्ही बाजूंना उंच कठडे दिलेले असतात. न्यूट्रल बुटात यातलं काही नसतं, दोन्हीकडे सारखाच फोम. एकाच कंपनीत दोन्ही मिळतात. असिक्सचा जेल-कायानो सपोर्टचा, जेल-निंबस न्यूट्रल. ब्रूक्सचा ॲड्रेनलिन सपोर्टचा, घोस्ट न्यूट्रल. सपोर्टचा बूट बहुतेक वेळा वजनालाही थोडा जास्त भरतो.

आता तो ओल्या पायाचा ठसा. ठशावरून कळतं काय, तर तुम्ही उभे असताना कमान किती खाली आहे. पळताना पाय काय करतो ते त्यातून कळत नाही. आणि दुसरी गोष्ट. लोक जुना बूट उलटा करून म्हणतात, "पाहा, टाच बाहेरून घासली, म्हणजे अमुक प्रकार." अरे, जवळपास सगळ्यांचीच टाच बाहेरून घासते, कारण ती टेकतेच तिथून.

बरं, ठशावरून बूट दिला तर इजा कमी होते का? हे मोजून पाहिलंय. अमेरिकेच्या सैन्यात नवीन भरती झालेल्या पोरांवर. आपल्यासारखीच पोरं, रोजची धाव, रोजची परेड. आर्मी, एअर फोर्स आणि मरीन, तिन्हीकडं हजारो जणांवर प्रयोग झाला, निष्कर्ष २००९-१० च्या सुमारास छापून आले. एका गटाला पायाच्या ठशाप्रमाणं बूट दिले. सपाट पायाला जास्त कंट्रोलवाला, उंच कमानीला मऊ. दुसऱ्या गटाला सरसकट एकच प्रकार, पाय कसाही असो. शेवटी दोन्ही गटांत इजा जवळपास सारख्याच. ठसे घेतले, बूट वाटले, उपयोग काही दिसला नाही.

डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्या धावणाऱ्यांना एकच न्यूट्रल बूट दिला आणि वर्षभर पाहिलं. हा अभ्यास २०१४ मध्ये छापला गेला. पाय जास्त आत कलंडणाऱ्यांना जास्त इजा झाल्या नाहीत. आणि २०११ चा एक अभ्यास, ८१ बायका, हाफ मॅरेथॉनची १३ आठवड्यांची तयारी. त्यात सगळ्यात जास्त कंट्रोलवाला बूट ज्यांना दिला त्यांनाच दुखण्यांचा त्रास जास्त झाला.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे सपोर्ट बूट फालतू. थांबा. इथं घाई केली तर मीही त्या दुकानदारासारखाच.

२०१६ मध्ये लक्झेंबर्गचा अभ्यास आला. ३७२ हौशी धावपटू, सहा महिने. अर्ध्यांना साधा बूट, अर्ध्यांना कंट्रोलवाला. बूट बाहेरून सारखेच, कोणाला काय मिळालं ते त्यांना माहीत नव्हतं. इथं कंट्रोलवाल्यांना इजा कमी झाल्या, आणि फायदा मुख्यतः त्यांना झाला ज्यांचे पाय खरंच जास्त आत कलंडणारे होते. म्हणजे काही पायांना सपोर्ट कामाचा ठरू शकतो. पण "सपाट पाय, म्हणून सपोर्टच, नाहीतर गुडघे गेले" असं ठणकावून सांगता येईल एवढा पुरावा नाही. भीती दाखवून विकण्याएवढा तर नाहीच नाही.

मग निवडायचं कशावर? ऐकायला साधं वाटेल, पण आरामावर. सैनिकांवरच केलेला एक अभ्यास २००१ मध्ये छापला होता. त्यांना बुटात घालायचे सहा प्रकारचे आतले तळवे दिले आणि सांगितलं, तुम्हाला बरा वाटतो तो घ्या. प्रत्येकानं वेगवेगळा निवडला. आणि आपल्या आवडीचा तळवा घालणाऱ्यांना, काहीच न घालणाऱ्यांपेक्षा इजा कमी झाल्या. पायाला काय मानवतं ते पायाला बऱ्यापैकी कळतं. आपण त्याचं ऐकत नाही, लेबलाचं ऐकतो.

तसंही आपल्या भागात बूट हा प्रकार उशिराच आला. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, १९३६ मध्ये त्यांचं पथक बर्लिन ऑलिंपिकला आपले देशी खेळ दाखवून आलं. आपला कबड्डी-खोखो मातीतला, अनवाणी. नाशिकच्या सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी अनवाणीच पळायची, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलमध्ये तिनं १० हजार मीटरचं कांस्य आणलं. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० ची रोम ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकला आणि १९६४ ची टोकियोची बूट घालून जिंकला. हे ऐकून उद्या अनवाणी हायवेवर जाऊ नका बाप्पा, काचा असतात, बाभळीचे काटे असतात. आणि ज्यांनी लहानपणापासून अनवाणी पळणं केलं नाही त्यांची पोटरी दोन दिवसांत बसते. सांगायचं एवढंच, की धाव पायात असते. बुटानं तिला त्रास देऊ नये, इतकीच त्याच्याकडून अपेक्षा.

आता कामाच्या गोष्टी. वही असेल तर लिहून घ्या.

बूट घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे फुगतात, पळतानाही फुगतात. सकाळी फिट बसलेला बूट पळताना चावतो. पळायचे मोजे सोबत न्या. दोन्ही पाय घालून पाहा, एक पाय थोडा मोठा असतोच, माप त्याचं घ्या. सगळ्यात लांब बोटापुढं अंगठ्याएवढी जागा पाहिजे. टाच वर सरकायला नको. बूट चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, मधोमध नाही.

मग दुकानदाराला म्हणा, "भाऊ, गल्लीत एक चक्कर मारून येतो." लाजायचं काम नाही. पैसे आपले आहेत. एका पायात सपोर्ट, एका पायात न्यूट्रल घालून तसं सांगितलं तर लोक हसतील, हसू द्या. कमानीखाली काही टोचतंय का, आतून ढकलल्यासारखं वाटतंय का, हे पाहा. पहिल्या मिनिटाला टोचलं तर "वापरून सैल होईल" यावर विश्वास ठेवू नका. ऑनलाइन मागवला तर आधी घरात फरशीवर चालून-पळून पाहा, बाहेर नेऊ नका, म्हणजे परत करता येतो.

फर्स्ट कॉपीच्या नादी लागू नका. वर नाव छापलेलं असतं, आत तो फोम नसतो. त्यापेक्षा हजार-दीड हजाराचा साधा, हलका, मापाचा खरा बूट कधीही चांगला.

बूट किती दिवस चालतो? ढोबळ अंदाज ५०० ते ८०० किलोमीटर. रोज पाच किलोमीटर, आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे आठवड्याला ३० किलोमीटर. वीस आठवड्यांत ६०० होतात. म्हणजे भरतीची नीट तयारी करणाऱ्याला वर्षात दोन जोड्या लागतात. आता विचार करा, सगळे पैसे एका महागड्या जोडीत घालायचे, की मापाच्या दोन साध्या जोड्यांत? आणि नवीन बूट मैदानी चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा घालायचा नाही, हे मी सांगायला पाहिजे का? मागच्या वेळी आमच्यातल्याच दोघांनी घातला होता.

जमीन निवडा. आपल्याकडं काळी माती आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पाय मुरगळतो. पावसाळ्यात ती बुटाला अशी चिकटते की एकेक पाय किलोचा होतो. पण हिवाळ्यात दबलेली पांदण, शाळेचं मैदान, यासारखी जागा नाही. हायवेवर पहाटे अंधारात पळू नका, हे हात जोडून सांगतो. ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही. गावातल्या रस्त्यावर पळायचंच असेल तर समोरून गाडी दिसेल अशा बाजूनं, आणि रोज उताराच्या कडेवर राहू नका. जाताना-येताना जिथं रस्ता सपाट असेल तिथून पळा.

आणि किलोमीटर. खरा घोळ इथं आहे. जाहिरात निघाली की आपल्याला वाटतं, महिन्याभरात सगळं करून टाकू. दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो. हाडं आणि स्नायूबंध मागून येतात, त्यांना महिने लागतात. दम म्हणतो चल, नडगी म्हणते थांब. म्हणून थोडं थोडं वाढवा, एक दिवस जोरात तर दुसरा दिवस हळू, आठवड्यातून एक दिवस आराम. पोटरी आणि मांडीचे व्यायाम करा. पायऱ्यांवर चवड्यावर उभं राहून टाच वर-खाली करायला एक रुपया लागत नाही.

एक सावधगिरी. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल, तर पळणं बंद करा आणि डॉक्टरला दाखवा. हाडाला बारीक तडा असू शकतो. त्याला कोणताही बूट औषध नाही.

आता सपाट पायाबद्दल, कारण सैन्याची तयारी करणारी पोरं या शब्दाला घाबरतात. घरी एक गोष्ट करून पाहा. चवड्यावर उभे राहा आणि कोणाला तरी मागून पाहायला सांगा. कमान वर आलेली दिसली तर तुमचा पाय लवचीक सपाट आहे. असे पाय खूप लोकांचे असतात आणि ते आयुष्यभर बिनतक्रार पळतात. चवड्यावर उभं राहूनही कमान येतच नसेल, पाय कडक असेल, दुखत असेल, तर हाडांच्या डॉक्टरला भेटा. आणि सपोर्ट बूट घातल्यानं मेडिकलपर्यंत कमान तयार होईल, असं कोणी सांगत असेल तर पैसे खिशात ठेवा. बूट काढला की पाय जसा होता तसाच असतो.

मग सपोर्ट बूट घ्यायचा कोणी? ज्याचा पाय खरंच जास्त आत कलंडतो, आणि जो न्यूट्रल बुटात हळूहळू किलोमीटर वाढवूनही परत परत दुखण्यात पडतो, त्यानं घालून पाहावा. किंवा ज्याला दोन्ही घालून पाहिल्यावर सपोर्टचाच बरा वाटला, त्यानं. आणि जो आधीपासून सपोर्टमध्ये मजेत पळतोय, त्यानं माझं ऐकून बदलू नये. चालू गाडीचं इंजिन खोलायचं नाही.

तर ताई, आता तुझं उत्तर. मी तुला परत फोन करून तीन प्रश्न विचारले होते. आत्ता काही दुखतंय का? तू म्हणालीस, नाही. आता कोणत्या बुटात पळतेस? भावाच्या जुन्या, एक नंबर मोठ्या. आणि चवड्यावर उभी राहिलीस तर कमान येते का? आईनं पाहून सांगितलं, येते.

म्हणजे तुझा खरा प्रॉब्लेम सपाट पाय नाही. बूट मोठा आहे, तो आहे. साडेसात हजाराचा सपोर्ट बूट घेऊ नको. अकोल्याला जा, संध्याकाळी, मोजे घेऊन, तुझ्या मापाचा साधा न्यूट्रल बूट पळून पाहून घे. दुखायला लागलं तर आधी किलोमीटर पाहू, मग जमीन पाहू, मग बूट पाहू. त्याच क्रमानं. उरलेले पैसे बाबाजवळ राहू दे. महिलांचं ८०० मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांत मारलं तर वीस गुण आहेत. ते सेकंद रोजच्या सरावातून कमी होतात, बिलातून नाही.

माझं काय झालं ते सांगायचं राहिलंच. गुडघ्यामुळं दीड महिना बसून राहिलो. मैदानी चाचणीत १६०० मीटर मारलं, पण पाच दहाच्या आत नाही. यादी लागली तेव्हा दोन गुणांनी बाहेर होतो. वडील काहीच बोलले नाहीत. ते बूट अजून दाराजवळ आहेत, बाबा ते घालून ओलिताला जातात. म्हणतात, "चिखलात मस्त चालते बाप्पा, लय मजबूत हाय."

म्हणून सकाळी पोरांना पळवायला जातो. जे दोन गुण माझे गेले ते यांचे जाऊ नयेत.

तुमच्या पायाचं, बुटाचं काही असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा. बुटाचा फोटो पाठवला नाही तरी चालेल. गेल्या महिन्याभरात रोज किती किलोमीटर पळालात, ते मात्र नक्की लिहा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत पळत राहा, पण हळूहळू वाढवा. राम राम.